पुण्याचा वृत्त विभाग वाचला, पण कुणाच्या शब्दावर?

जून 2023 च्या मध्यावर दिल्लीहून एक आदेश निघाला. आकाशवाणीच्या पुणे केंद्रातला प्रादेशिक वृत्त विभाग बंद करायचा आणि तिथली मराठी बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायची. कारण साधं दिलं होतं: विभाग सांभाळायला भारतीय माहिती सेवेतला नियमित अधिकारी उपलब्ध नाही. पुण्यात गदारोळ झाला. पत्रकार बोलले, वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी बोलले आणि थोड्याच दिवसांत तेव्हाचे केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी निर्णयाला स्थगिती दिली. सकाळी 7 वाजून 10 मिनिटांचं बातमीपत्र पुण्याहूनच चालू राहिलं. सगळ्यांनी आभार मानले आणि विषय संपला.

सांगली-साताऱ्यात तर तो नीट सुरूसुद्धा झाला नाही. ‘पुण्याचा प्रश्न’ म्हणून बातमी आली आणि गेली. पण हे बातमीपत्र पुण्यापुरतं नाही. पुण्यात माणसाच्या हातात बातमीचे शंभर मार्ग आहेत. पाटणच्या खोऱ्यात, माणच्या माळावर, वाळव्याच्या मळ्यात तेवढे नाहीत, आणि असले तरी त्यांतल्या कशावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न उरतोच. म्हणून हे प्रकरण मी सांगलीच्या बाजूने मांडतो आहे. माझं म्हणणं एकच आहे. जी संस्था मंत्र्यांच्या शब्दावर वाचते ती स्वतंत्र नसते. तोच शब्द उद्या तिला बंदही करू शकतो, आणि दोन्ही वेळी श्रोत्याला कुणी विचारलेलं नसतं.

सात दहाचं बातमीपत्र

सांगलीचं आकाशवाणी केंद्र 1963 सालचं. ‘मध्यम लहरी 239.8 मीटर्स म्हणजेच 1251 किलोहर्ट्झ’ ही उद्घोषणा या भागातल्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे. मध्यम लहरींचं वैशिष्ट्य असं, की त्या डोंगर-टेकड्यांना फारशा अडत नाहीत. एक केंद्र आसपासच्या तालुक्यांना सहज पुरतं. साताऱ्याला आकाशवाणीचं स्वतंत्र एफएम केंद्र आहे. स्थानिक कार्यक्रम ही केंद्रं स्वतः करतात, पण प्रादेशिक बातमीपत्र त्यांना स्वतःचं नसतं. ते वृत्त विभाग असलेल्या केंद्राकडून सहक्षेपित होतं, म्हणजे तिथून घेऊन जसंच्या तसं लावलं जातं. म्हणजे सांगलीकराच्या कानावर पडणाऱ्या बातमीची निवड सांगलीत होत नाही.

पलूस तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर सकाळी सातच्या सुमाराला उभं राहिलं की हे बातमीपत्र ऐकणं म्हणजे काय ते दिसतं. किटल्यांची रांग, फॅट काढायच्या यंत्राची घरघर, खिडकीत एक जुना रेडिओ. एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पावसाळ्यात मात्र कोयनेचं नाव आलं की सचिव आवाज वाढवतात आणि माप थांबतं. ‘आण्णा, किती सोडलं म्हणाले?’ रांगेतून कुणीतरी विचारतं. ‘थांब की जरा, ऐकू दे.’ पुढचं अर्धं मिनिट सगळे गप्प असतात. मग कुणी म्हणतं, उद्या दुपारपर्यंत नदीकाठच्या मळीत पाणी येणार, मोटर काढायला पाहिजे. एका वाक्याच्या बातमीवर नदीकाठच्या माणसाने दिवसभराचं काम ठरवलेलं असतं.

ते एक वाक्य तिथवर येतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. जिल्ह्यात आकाशवाणीचा एक अंशकालीन वार्ताहर असतो. नावाप्रमाणेच अंशकालीन: मानधन थोडं, करार मुदतीचा, मुदत संपली की नूतनीकरण. तो बातमी पाठवतो. वृत्त विभागात संपादक ती पाहतो, तपासतो, दहा मिनिटांत बसेल इतकी कापतो. अख्ख्या महाराष्ट्राच्या बातम्यांतून सांगलीला कधी एक वाक्य मिळतं, कधी तीन, कधी एकही नाही. वाचणारे निवेदक आणि टेबलावर मदत करणारे अनेक जण नैमित्तिक असतात, म्हणजे महिन्याला मोजक्या ड्यूट्या आणि ड्यूटीप्रमाणे पैसे. नियमित नोकरीतली माणसं वर्षागणिक निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा फारशा भरल्या गेल्या नाहीत. पुण्याचा आदेश त्यामुळे अचानक आकाशातून पडला नव्हता. आधी जागा रिकाम्या राहू दिल्या गेल्या, मग रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विभाग बंद करायचं ठरलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय या प्रकरणाचं वजन कळत नाही. रेडिओवर बातम्या देण्याचा अधिकार आपल्याकडे व्यवहारात एकट्या आकाशवाणीला आहे. खासगी एफएम वाहिन्यांना 2011 च्या धोरणानुसार आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सामुदायिक रेडिओलाही तीच अट. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, सांगलीत जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. दोन्ही दुष्काळी भागात, लोकांच्या बोलीत बोलणारी केंद्रं. पण त्यांच्या गावाशेजारच्या तलावाबद्दल त्यांना स्वतःची बातमी देता येत नाही. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, ते 2013 मध्ये. अट अजून कायम आहे. म्हणजे आकाशवाणीचा वृत्त विभाग दुबळा झाला तर त्याची जागा घेणारं दुसरं कुणीच कायद्याने उभं राहू शकत नाही. वर्तमानपत्र बंद पडलं तर दुसरं निघतं; इथे ती सोय नाही.

सूचना आणि बातमी

संपादकीय स्वातंत्र्य हा शब्द ऐकला की आपल्याला दिल्लीतलं राजकारण आठवतं. सांगलीत त्याचा अर्थ समजून घ्यायचा तर पूर आठवावा.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पुराच्या दिवसांत पाटबंधारे विभागाकडून पातळ्या येत राहतात: बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, आयर्विन पूल, अंकली पूल, म्हैसाळ बंधारा. ही यादी ज्या क्रमाने वाचली जाते तो नदीचा क्रम आहे, वरून खाली. बह्याचा आकडा वाढला की खालचा माणूस पुढचा अंदाज बांधतो. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत येतं आणि तिथून सांगलीला पोचायला वेळ घेतं. माणसाच्या हातात असतो तो तेवढाच वेळ. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड, मगरमच्छ कॉलनी इथल्या घरांत गॅसची टाकी आणि कागदपत्रं माळ्यावर चढवायची की आताच नातेवाइकांकडे निघायचं, हे त्या वेळात ठरतं. वीज गेलेली असते, मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते आणि धरणाला तडा गेल्याच्या अफवा पाण्यापेक्षा वेगाने पसरतात. अशा रात्री सेलवर चालणारा रेडिओ काय असतो, हे सांगलीकराला सांगायची गरज नाही.

इथवर आकाशवाणी आपलं काम करते, आणि मनापासून करते. पातळी सांगते, विसर्ग सांगते, कुठला रस्ता बंद ते सांगते. हे सारं प्रशासनाकडून आलेलं असतं. ते पुढे पोचवणं ही मोठी सेवा आहे, मी ती कमी लेखत नाही. पण ती सूचना झाली. बातमी त्याच्या पुढे असते. ‘कोयना धरणातून विसर्ग वाढवण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं’ ही सूचना. विसर्ग वाढवायचं कधी ठरलं, धरण किती भरेपर्यंत थांबले, खालच्या गावांना निरोप कधी मिळाला, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणातून किती पाणी सुटतं आहे आणि दोन्ही राज्यांचे अधिकारी एकमेकांशी बोलले का, ही बातमी. पहिल्या वाक्याला लागतो टंकलेखक. दुसऱ्याला लागतो असा संपादक, ज्याला हे विचारल्यामुळे बदलीची भीती वाटत नाही.

2019 च्या महापुरानंतर हे प्रश्न सांगलीच्या चौकाचौकांत विचारले गेले. राज्य सरकारने जलसंपदा खात्याचे निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या निष्कर्षांवर इथल्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले. आणि अलमट्टीत अडलेल्या पाण्याने सांगलीचा पूर वाढतो का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढत राहिला. कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 मध्ये या धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यास परवानगी दिली. पुढचं सगळं न्यायालयात आणि केंद्राच्या अधिसूचनेपाशी अडकलं. म्हणजे सांगलीच्या पुराचा सर्वांत वादग्रस्त धागा केंद्र सरकारच्या टेबलापर्यंत जातो. आणि सांगलीकराला ती बातमी रेडिओवर देणाऱ्या विभागाचा पगार, बदली आणि अस्तित्वही त्याच केंद्र सरकारच्या हातात. केंद्रात कुठला पक्ष आहे याचा इथे संबंध नाही. काँग्रेस असताना हीच रचना होती, जनता दलाच्या काळात हीच होती, आजही हीच आहे.

कायदा काय म्हणतो आणि खुर्ची कोण भरतं

आणीबाणीत आकाशवाणीचं जे झालं त्यातून शहाणपण घेऊन 1977 मध्ये बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारपासून वेगळी काढून एका स्वतंत्र न्यासाकडे द्यावीत असं सुचवलं. ते झालं नाही. 1990 मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन एका महामंडळाकडे देणारा प्रसार भारती कायदा झाला, तोही सात वर्षं कपाटात राहिला आणि 1997 मध्ये अंमलात आला. मधल्या काळात, फेब्रुवारी 1995 मध्ये, क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नको आणि धनदांडग्यांचीही नको. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

प्रसार भारती कायदा वाचला तर तो वाईट नाही. बाराव्या कलमात नागरिकाचा मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा हक्क जपण्याचं काम या संस्थेला दिलेलं आहे. परस्परविरोधी मतंसुद्धा मांडायची आणि स्वतःची विचारसरणी पुढे रेटायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तेविसाव्या कलमाने केंद्र सरकार काही बाबतींत प्रसारणाबद्दल आदेश देऊ शकतं, पण असा प्रत्येक आदेश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. तेराव्या कलमात 22 खासदारांची समिती आहे, चौदाव्यात प्रसारण परिषद आहे. श्रोत्याला तक्रार करायची तर जागा म्हणून ही परिषद होती. समिती आणि परिषद, दोन्ही आजवर कागदावरच आहेत. सांगलीच्या श्रोत्याला ‘माझ्या नदीची बातमी का दिली नाही’ असं विचारायचं तर विचारण्याची खिडकी कायद्यात आहे, इमारतीत नाही.

आता पुण्याचा आदेश या चौकटीत ठेवून बघा. बातमी देऊ नका असं कुणी म्हटलं का? नाही. म्हणून तेविसावं कलम लागलं नाही, संसदेपुढे काही आलं नाही. फक्त अधिकारी नाही म्हणून विभाग हलवला. स्वातंत्र्य जपायला कायद्याने ज्या दारावर पहारा ठेवला त्या दारातून कुणी आलंच नाही. आस्थापना शाखेच्या एका कागदाने जे झालं असतं, ते सेन्सॉरच्या शंभर आदेशांनी झालं नसतं.

त्यात कळीची गोष्ट अधिकाऱ्याची. आकाशवाणीचा वृत्त विभाग भारतीय माहिती सेवेतल्या अधिकाऱ्यांकडे असतो. या सेवेचं नियंत्रण माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आहे. हेच अधिकारी पत्र सूचना कार्यालयात जातात, तिथे सरकारची प्रसिद्धिपत्रकं काढतात, आणि तिथून बदली होऊन वृत्त विभागात येतात. यातले कितीतरी जण चांगले, निष्ठेने काम करणारे आहेत, ही शंका घेण्याची जागा नाही. पण रचनाच अशी आहे की सरकारची बाजू मांडणं आणि सरकारबद्दलची बातमी निवडणं ही दोन कामं एकाच माणसाच्या सेवापुस्तकात येतात. त्याला बढती देणारा मंत्रालयातच बसलेला. पुण्याला अधिकारी नव्हता, कारण मंत्रालयाने दिला नव्हता. आणि मंत्रालयाने दिला नाही म्हणून विभाग बंद करायचा आदेश निघाला. प्रसार भारतीला स्वतःच्या वृत्तसेवेसाठी स्वतःचे संपादक नेमता आले असते तर हा प्रसंगच आला नसता. कायद्यात भरती मंडळाची तरतूद 1990 पासून आहे. ते मंडळ स्थापन झालं 2020 मध्ये.

पुण्याचा आदेश निघाला त्याच वर्षी, फेब्रुवारी 2023 मध्ये, प्रसार भारतीने हिंदुस्थान समाचार या वृत्तसंस्थेशी करार केला होता. पीटीआय आणि यूएनआय या जुन्या वृत्तसंस्थांच्या सेवा 2020 मध्येच थांबवल्या होत्या. कच्ची बातमी कुठून घ्यायची, टेबलावर कोण बसवायचं, टेबल कुठल्या गावात ठेवायचं, हे तीन निर्णय म्हणजे संपादनाचा गाभाच. तिन्हींपैकी एकाही बाबतीत महाराष्ट्रातल्या श्रोत्याचं मत घेतलेलं नाही.

पैशाची वाट

ज्याच्या हाती दोरी त्याच्या मागे जनावर, हे खेड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. म्हणून पैशाचं बघू.

जुन्या लोकांना आठवत असेल, रेडिओ घरात ठेवायचा तर पोस्टात जाऊन परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरून त्या पुस्तिकेवर नोंद करून घ्यावी लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते परवाने गेले. प्रसार भारती कायद्याच्या सतराव्या कलमात मात्र अजून ‘असल्यास’ असं म्हणून त्या परवाना शुल्काचा उल्लेख आहे, आणि त्याखेरीज केंद्र सरकारला आवश्यक वाटेल तेवढी रक्कम. आवश्यक वाटेल तेवढी! सगळी मेख या शब्दांत आहे. पगाराचं अनुदान दरवर्षी अर्थसंकल्पातून येतं. यंत्रसामग्री आणि विस्तारासाठी जानेवारी 2023 मध्ये 2,539.61 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, 2025-26 पर्यंतची. रक्कम लहान नाही. पण नवा ट्रान्समीटर उभारायला पैसे मिळतात आणि पाच महिन्यांनी पुण्याच्या टेबलाला अधिकारी मिळत नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. प्रसार वाढवायचा आहे. संपादकाबद्दल घाई नाही.

‘मग सरकारी पैसा नकोच, जाहिरातींवर चालवा,’ असं काही मित्र म्हणतात. सांगलीत बसून मला हे पटत नाही. इथे जाहिरात देणारे कोण? साखर कारखाने, बँका, पतसंस्था, दूध संघ, शिक्षण संस्था, बियाणं-खतांचे विक्रेते. आणि इथल्या बातम्या कशाच्या? ऊस दराच्या, अडकलेल्या ठेवींच्या, बनावट खताच्या. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, खात्यावर जमा व्हायला हवी. ती थकली तर ते कारखान्याचं नाव घेऊन सांगणं हे सार्वजनिक रेडिओचं काम आहे. सकाळच्या कृषी कार्यक्रमाचा प्रायोजक तोच कारखाना असेल तर? दिल्लीचं दडपण निदान लांबचं असतं. हे दडपण तर संध्याकाळी लग्नात समोर भेटतं आणि खांद्यावर हात टाकून बोलतं. थोडीबहुत जाहिरात केंद्रांनी घ्यावी, घेतातही. पण बातमीचं टेबल तिच्यावर उभं करू नये.

जगात इतरांनी काय केलं? जर्मनीत दर घरामागे महिन्याला ठरावीक शुल्क आहे. ते किती असावं याची शिफारस एक स्वतंत्र आयोग करतो. 2020 च्या अखेरीस झाक्सन-आनहाल्ट या एका राज्याने वाढ अडवली तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने 2021 मध्ये शुल्क 18.36 युरो करून टाकलं, कारण पुरेसा निधी हा प्रसारण स्वातंत्र्याचाच भाग आहे. उलट उदाहरण अमेरिकेचं. तिथे सार्वजनिक प्रसारणाचा केंद्रीय निधी दोन वर्षं आगाऊ मंजूर व्हायचा, म्हणजे चालू वर्षातल्या बातमीवर राग धरून लगेच पैसे तोडता येऊ नयेत. जुलै 2025 मध्ये तिथल्या संसदेने मंजूर झालेले 1.1 अब्ज डॉलरच परत घेतले आणि 1967 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या महामंडळाने गाशा गुंडाळायला घेतला. त्याची झळ सर्वाधिक लागते ती खेड्यांतल्या छोट्या केंद्रांना. मोठ्या शहरातल्या केंद्राला देणगीदार मिळतात. आगाऊ निधी पुरेसा नाही, तो परत घेता येणार नाही अशी तजवीजही हवी.

आपल्याकडे घरटी शुल्क मला मान्य नाही. शेतमजुराच्या रेडिओवर पुन्हा पट्टी बसवणं अन्यायाचं होईल. पण लहरी जनतेच्या आहेत असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं आणि खासगी वाहिन्या त्या वापरण्यासाठी सरकारला शुल्क देतात. त्या उत्पन्नातला ठरावीक वाटा कायद्याने सार्वजनिक प्रसारणाच्या वृत्तसेवेकडे जावा, पाच-पाच वर्षांच्या सूत्राने, वित्त आयोगासारख्या मंत्रालयाबाहेरच्या मंडळाने ठरवलेला. मंत्र्यांच्या मर्जीचा त्यात शिरकावच होऊ नये.

समोरची बाजू

संभाजीनगरला हलवण्यात एवढं काय बिघडलं असतं, असं कुणी विचारेल. बातमी आता मेलवर येते, फोनवर येते. टेबल कुठेही असलं तरी चालतं. मराठवाड्यातला संपादक मराठीच आहे आणि तोही कृष्णेच्या पुराची बातमी देईलच. शिवाय सगळीकडे विभाग ठेवायला माणसं कुठून आणायची?

हा युक्तिवाद मी झटकून टाकत नाही. माणसं कमी असतील तर विभागांची फेरमांडणी करावी लागेल, हे खरं. पण त्याला एक रीत असते. कोणत्या भागाची किती बातमी आज जाते, हलवल्यावर किती जाईल, अंशकालीन वार्ताहर वाढवणार का, पुराच्या रात्री सांगलीतून थेट बोलायची व्यवस्था काय, हे आधी मांडायचं, श्रोत्यांचं ऐकायचं आणि मग ठरवायचं. यातलं काही झालं नाही. दुसरं, दहा मिनिटं तेवढीच राहणार असतात. पश्चिम महाराष्ट्राचा पूर आणि मराठवाड्याचा दुष्काळ एकाच टेबलावर आले की दोघांच्याही वाट्याला कमी येणार. मराठवाड्याच्या श्रोत्याचं त्यात काय भलं? आणि स्थानिक जाण मेलवरून येत नाही. आयर्विनला 38 फूट आणि बह्याला पाणी चढतंय, यातली घाई ज्याला न सांगता कळते तो बातमी पहिल्या मिनिटात घेतो. ज्याला कळत नाही तो ती आठव्या मिनिटाला वाचतो, तेव्हा किटल्या घेऊन माणसं निघून गेलेली असतात.

स्थगितीनंतर

स्थगिती म्हणजे आदेश रद्द होणं नव्हे. कारण म्हणून सांगितलेली रिकामी खुर्ची कायमची भरण्याची पद्धत जोवर बदलत नाही तोवर तोच आदेश पुन्हा निघू शकतो, पुण्याबद्दल किंवा दुसऱ्या केंद्राबद्दल. 2014 मध्ये सॅम पित्रोदा समितीने माणसांची भरती आणि मालमत्ता यांचा पूर्ण ताबा प्रसार भारतीकडे द्यावा, मंत्रालयाच्या मंजुरीची साखळी तोडावी, असं सांगून ठेवलेलं आहे. वृत्तसेवेसाठी प्रसार भारतीचा स्वतःचा संपादक वर्ग हवा. तेराव्या आणि चौदाव्या कलमातली समिती आणि परिषद बसायला हवी. वृत्त विभाग बंद करण्यापूर्वी त्या पट्ट्यातल्या जिल्ह्यांत जाहीर सुनावणी सक्तीची हवी. आणि सामुदायिक केंद्रांना निदान आपल्या तालुक्याच्या बातम्या देण्याची मोकळीक हवी, म्हणजे एका विभागावर सगळा भार राहणार नाही.

यातलं बरंच संसदेचं काम आहे. सांगली आणि साताऱ्याचे आपले खासदार आहेत, त्यांना अलमट्टीबद्दल विचारतो तसं याबद्दलही विचारलं पाहिजे. ऊस परिषदेत आणि पूरग्रस्तांच्या बैठकीत हा विषय निघाला पाहिजे. पण काही गोष्टी आपल्याला आजच करता येतात. प्रसार भारतीला माहिती अधिकार कायदा लागू आहे. दहा रुपयांत अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुण्याच्या वृत्त विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, सध्या प्रभारी कोण आणि कधीपासून? जून 2023 च्या आदेशाची आणि स्थगितीची प्रत द्या. स्थगिती लेखी आहे का, तिला मुदत आहे का? सांगली आणि सातारा जिल्ह्यांच्या अंशकालीन वार्ताहराचं पद आज भरलेलं आहे का, त्याचं मानधन किती, करार कधी संपतो? ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या पुराच्या दोन महिन्यांत पुण्याच्या सकाळच्या बातमीपत्रात या दोन जिल्ह्यांच्या किती बातम्या गेल्या? अर्ज मराठीत चालत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, कायद्यात राज्याच्या भाषेत अर्ज करता येतो असं स्पष्ट लिहिलेलं आहे. एका गावातून एक अर्ज पुरे. उत्तरं आली की ती दूध केंद्राच्या फळ्यावर लावा, जिथे रोज फॅटचा दर लिहिला जातो.